भांडायला व्हेनिस

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की मराठी मध्यमवर्गीय घरात दोन ठराव पुढे येतात. हॉल घेऊन नातेवाइकांना जेवायला घालायचं, हा पहिला. आणि त्याच पैशांत आणखी बरेच घालून युरोप बघून यायचा, हा दुसरा. नातेवाइकांची संख्या आणि स्वभाव लक्षात घेता हल्ली दुसरा ठराव वाढत्या मताधिक्याने मंजूर होतो. मग सहलीचा कार्यक्रम हातात पडतो. त्यात व्हेनिस असतंच, बहुधा अर्ध्या दिवसापुरतं, आणि त्या अर्ध्या दिवसाच्या रकान्यात हृदयाचं चित्र काढलेलं असतं. पॅरिसच्या रकान्यात मनोरा, स्वित्झर्लंडच्या रकान्यात बर्फाचा डोंगर, व्हेनिसला मात्र थेट हृदय. माझा आक्षेप त्या हृदयाला आहे. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला व्हेनिससारखं शहर नाही हे मला मान्य, पण त्याचं कारण वेगळं आहे. मुरलेल्या जोडप्याला मनसोक्त भांडता यावं, दोघांना समान संधी मिळावी आणि निकाल कोणाच्याच बाजूने लागू नये, अशी जी सोय त्या शहरात आहे ती युरोपात दुसरीकडे नाही. ही सोय आपोआप झालेली नाही. हजार वर्षांचे कायदेकानू, नावा बांधणारे सुतार आणि पायाखालचा चिखल, या सगळ्यांनी मिळून ती केलेली आहे.

व्हेनिस हे प्रेमाचं शहर असल्याची बातमी पसरवली कोणी, हे आधी पाहिलेलं बरं. दोन मुख्य साक्षीदार आहेत. एक कासानोव्हा. १७२५ साली व्हेनिसात जन्मला, १७५५ मध्ये डोजच्या, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात, शिशाच्या पत्र्याच्या छपराखालच्या कोठडीत पडला, पुढच्या वर्षी छपरातून निसटला, आणि जन्मभर लग्न म्हणून केलं नाही. दुसरा कवी बायरन. याने लग्न केलं होतं, ते साधारण वर्षभर टिकलं. १८१६ साली बायकोपासून फारकत घेऊन हा गृहस्थ इंग्लंडबाहेर पडला तो वर्ष सरायच्या आत व्हेनिसात, आणि तिथे त्याने इतरांच्या बायकांवर लक्ष केंद्रित केलं. म्हणजे एकाला संसाराचा अनुभव नव्हता आणि दुसऱ्याने तो पहिल्या वर्षातच आटोपता घेतला. अशा दोघांच्या शिफारशीवर पंचवीस वर्षं मुरलेल्या जोडप्याने पैसे घालावेत हे मला अजब वाटतं. मुरलेल्या जोडप्याची गरज निराळी असते. त्यांच्या प्रेमाला धोका नसतो, खरी झीज झालेली असते ती भांडणांची. ओला टॉवेल, पंखा की एसी, 'तुमच्या ताई काय म्हणाल्या होत्या' आणि 'तुझा भाऊ तेव्हा कुठे होता' हे विषय इतके वापरून झालेले असतात की पहिलं वाक्य ऐकल्यावर समोरचा थेट सातव्या वाक्याला उत्तर देतो. वाद घालण्यातला सगळा जोम जाऊन नुसती उजळणी उरते. नवा विषय हवा असतो, ज्यात दोघंही अडाणी आहेत आणि म्हणून दोघंही ठाम राहू शकतात.

असा विषय व्हेनिस पहिल्या दहा मिनिटांत पुरवतं, तो म्हणजे रस्ता. शंभरावर बेटं, दीडशेच्या पुढे कालवे, चारशेच्या वर पूल, आणि गाडी एकही नाही. शहराचे सहा विभाग आहेत, आणि पत्ता म्हणजे विभागाचं नाव अधिक घराचा आकडा. आकडे रस्त्यागणिक नव्याने सुरू होत नाहीत, अख्ख्या विभागात सलग धावतात. कास्तेल्लो विभागात ते ६,८०० च्या पुढे जातात. पुण्यातल्या पेठेत आकडा आणि पेठेचं नाव एवढ्यावर पोस्टमन घर शोधायचा, तसाच मामला; पुण्यात निदान दारात उभं राहून विचारलं तर उत्तराच्या जागी एखादं मत तरी मिळतं. इथे ४,२१७ च्या शेजारी ४,२१९ असेलच असं नाही, ते मागच्या बोळात, मागच्या अंगणाला वळसा घालून, कदाचित पाण्यापलीकडेही असू शकतं. काही गल्ल्या सरळ चालत येऊन कालव्यात उतरतात. कठडा नाही, सूचना नाही, शेवाळलेल्या चार पायऱ्या आणि खाली हिरवं पाणी. पूर्वी तिथे नाव लागत असे, त्यामुळे गल्लीच्या दृष्टीने तिचं काही चुकलेलं नाही.

पण या शहराची खरी प्रतिभा पिवळ्या पाट्यांत आहे. 'रिआल्तोकडे', 'सान मार्कोकडे' असं लिहून बाण दाखवणाऱ्या या पाट्या नाक्यानाक्यावर भिंतीत बसवलेल्या आहेत, आणि काही ठिकाणी एकाच भिंतीवर एकाच स्थळासाठी एक बाण डावीकडे आणि एक उजवीकडे असतो. अशा पाटीखाली थांबलेलं कुठलंही जोडपं घ्या. तो मोबाइल तळहातावर आडवा धरून स्वतःभोवती हळूहळू फिरत असतो, कारण नकाशातला निळा ठिपका ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेला आपलंही तोंड व्हावं अशी त्याची इच्छा आहे. ती मान वर करून पाटी वाचत असते. "अहो, उजवीकडे लिहिलंय." "अगं, डावीकडेही लिहिलंय, ते वाच." आणि गंमत अशी की दोघंही बरोबर आहेत. दोन्ही वाटा रिआल्तोला जातात. एक कालव्याच्या या अंगाने, दुसरी त्या अंगाने. जगातल्या बाकीच्या शहरांत नवरा-बायकोत रस्त्यावरून वाद झाला तर कोणीतरी एक चुकतो आणि ते पुढची पंधरा वर्षं ऐकतो. व्हेनिसच्या नगरपालिकेने ही शक्यताच खोडून टाकली आहे. पोचल्यावर "मी म्हटलंच होतं" हे वाक्य दोघंही एकाच वेळी, समान अधिकाराने म्हणू शकतात.

यावर कोणी म्हणेल, आता कोण भांडतंय रस्त्यावरून, फोन सांगतो ना. ज्यांनी व्हेनिसच्या बोळांची रुंदी पाहिली नाही ते असं म्हणतात. उंच भिंतींच्या चिंचोळ्या फटीत आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, तिथे उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटत आपटत येतो, आणि तुमचा निळा ठिपका बिनदिक्कत कालव्याच्या मधोमध उभा राहतो. वारिस्को नावाचा एक बोळ सगळ्यात अरुंद जागी अवघा ५३ सेंटिमीटर रुंद आहे. तिथे हातात हात घालून चालण्याची रोमँटिक कल्पना दारातच सोडावी लागते. एकाने पुढे आणि दुसऱ्याने मागे. पुढे कोण, हा प्रश्न लग्नात भटजींनी सोडवलेला असतो, इथे तो नव्याने उपस्थित होतो.

आता दुसरा आक्षेप, जरा विद्वान स्वरूपाचा. पाट्यांचं ठीक आहे, पण एवढे महाल, एवढी चित्रं, एवढं संगीत ज्या शहराने घडवलं तिथे प्रेमाची काही परंपरा असेलच की. परंपरा आहे, पण ती हिशेबाची. व्हेनिसमधले खानदानी व्यापारी लग्न म्हटलं की आधी वही काढत. हुंड्याचे आकडे इतके फुगले की १४२० साली तिथल्या सिनेटने कायदा करून हुंड्यावर १,६०० डुकाटची मर्यादा घातली. लोकांनी तो कायदा आदराने ऐकला आणि वरचे पैसे दुसऱ्या नावाने दिले. १५०५ साली मर्यादाच ३,००० वर न्यावी लागली. आपल्याकडे १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे, त्यामुळे या प्रकाराचं आश्चर्य मराठी वाचकाला वाटू नये. इस्टेट फुटू नये म्हणून बऱ्याच घरांत भावांपैकी एकानेच लग्न करायचं आणि बाकीच्यांनी त्याच घरात अविवाहित राहून जेवणाला नावं ठेवायची, अशी रीत पडली. अनेक मुलींची रवानगी मठात होई, कारण मठाला द्यायची रक्कम जावयाला द्यायच्या रकमेपेक्षा कमी असे. अठराव्या शतकात तर खानदानी विवाहितेसोबत नाटकाला, मेजवानीला, चर्चला जायला नवऱ्याखेरीज एक मान्यताप्राप्त सोबती असायचा, त्याला चिचिस्बेओ म्हणत. नवऱ्याला हे ठाऊक असे, आणि बायकोचा पंखा, शाल, लिंबूपाणी सांभाळण्याचा त्याचा व्याप वाचे. याला काय म्हणायचं ते म्हणा, प्रेमकहाणी म्हणता येत नाही.

त्या शहरातलं सगळ्यात गाजलेलं लग्न तर माणसाचं माणसाशी नव्हतंच. राज्याचा प्रमुख म्हणजे डोज, तो दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला बुचिंतोरो नावाच्या सोन्याने मढवलेल्या नावेतून लिदो बेटाशी जायचा आणि समुद्रात अंगठी टाकून समुद्राशी लग्न लावायचा. अंगठीची प्रथा ११७७ साली पोप तिसरे अलेक्झांडर यांच्यापासून सुरू झाली असं परंपरा सांगते. नेपोलियनने १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडवेपर्यंत हा विधी चालू होता; पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी ती नाव सोन्यासाठी जाळली. हल्ली महापौर अंगठी टाकतात, नाव साधी असते. या विधीत लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याची वारंवारता. एकदा लग्न लावून भागलं असतं तर ते दरवर्षी कशाला लावलं असतं? सहाशे वर्षं रोज सहवास असलेल्या दोन पक्षांपैकी एकाला दर साली जाहीरपणे सांगावं लागत होतं की मालकी आमची आहे, यावरूनच मालकी कोणाची होती ते कळतं. दुसऱ्या पक्षाने या घोषणेची कधी दखल घेतल्याचं दिसत नाही. समुद्र न विचारता घरात येतच राहिला. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ वर. मग शहराने काय केलं? घटस्फोट शक्य नव्हता. खाडीच्या तीन मुखांशी समुद्रतळावर एकूण ७८ लोखंडी दारं बसवली. काम २००३ साली सुरू झालं, खर्च अब्जावधी युरोंत गेला, मध्ये घोटाळे गाजले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भरतीच्या वेळी दारं पहिल्यांदा एकत्र उभी राहिली. ती कायमची बंद ठेवत नाहीत. पाणी ११० सेंटिमीटरच्या पुढे जाण्याचा अंदाज आला तरच उचलतात, ओसरलं की पुन्हा झोपवतात. सान मार्कोचा चौक त्याहून सखल असल्यामुळे त्याखालच्या भरतीला तिथे घोटाभर पाणी येतं, आणि ते येऊ देतात. कुठल्या मर्यादेपर्यंत बोलू द्यायचं आणि कुठे दार लावायचं, याचा सेंटिमीटरमधला इतका नेमका करार मी दुसऱ्या कुठल्याही संसारात पाहिलेला नाही.

शहराच्या राज्यकारभारातही हाच बाणा. व्हेनिसचं प्रजासत्ताक हजार वर्षं टिकलं ते परस्पर विश्वासामुळे, असं म्हणण्याचं धाडस कोणी इतिहासकार करणार नाही. ते टिकलं कारण कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता आणि हे सगळ्यांना मान्य होतं. १२६८ पासून डोज निवडायची पद्धत अशी: चिठ्ठ्या टाकून ३० जण काढायचे, त्यांतून चिठ्ठीनेच ९, हे नऊ जण ४० निवडणार, त्या चाळिसांतून चिठ्ठीने १२, ते निवडणार २५, त्यांतून चिठ्ठीने ९, ते निवडणार ४५, त्यांतून चिठ्ठीने ११, ते अकरा निवडणार ४१, आणि हे एक्केचाळीस जण अखेर एक डोज निवडणार. इतकं करून निवडलेल्या माणसाला परदेशातून आलेलं पत्र सल्लागारांशिवाय उघडायची मुभा नव्हती. नवऱ्याच्या फोनचा पासवर्ड बायकोला ठाऊक असावा की नसावा यावर आपल्याकडे जी चर्चा चालते, ती तिथे शेकडो वर्षांपूर्वी राज्यपातळीवर निकाली निघाली होती. राजवाड्याच्या भिंतीत दगडी तोंडं कोरलेली अजून दिसतात. त्यांच्या फटीतून तक्रार आत टाकायची. निनावी तक्रारीकडे संशयाने पाहत आणि ती सहसा चालत नसे, नाव घालून, साक्षीदार देऊन तक्रार करावी लागे. हा नियम घरोघरी लागू करण्यासारखा आहे. 'लोक काय म्हणतात' या सदराखाली येणाऱ्या निम्म्या तक्रारी जागीच बाद होतील.

उघड भांडणच परवडतं, या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र एका नाटकात आहे, आणि तो मराठी माणसाला शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. शेक्सपिअरचा ऑथेल्लो गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' करून मराठी रंगभूमीवर आणला, त्यामुळे रुमालाचं प्रकरण सांगायला नको. पण मूळ नाटकातला भूगोल लक्षात घेण्यासारखा आहे. पहिला अंक व्हेनिसात घडतो. डेस्डेमोनाचा बाप अपरात्री बोंब मारत सभेपुढे जातो की या सरदाराने माझ्या मुलीला भुरळ घालून पळवली. डोज बसलेला असतो, सभासद बसलेले असतात, समोर युद्धाची गडबड असते, तरी ऐकून घेतात. ऑथेल्लोला बोलू देतात. मग मुलीला बोलावणं पाठवून तिलाही बोलू देतात. सगळ्यांनी सगळ्यांसमोर आपापलं म्हणणं मांडलं आणि प्रकरण अर्ध्या तासात मिटलं. पुढे जोडपं जातं सायप्रसला. तिथे सभा नाही, दगडी तोंडं नाहीत, दोन्हीकडे बाण दाखवणारी पाटीही नाही. तिथे ऑथेल्लो बायकोशी सरळ भांडत नाही, तो कान भरणाऱ्या इयागोशी कुजबुजतो, आणि शेवट काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. व्हेनिसात राहिले असते तर रुमाल हरवल्याच्या दिवशीच रिआल्तोच्या पुलावर चारचौघांत कडाक्याचं वाजलं असतं आणि रात्री दोघं जेवले असते.

आता गोंडोला, कारण हृदयाचं ते चित्र मुळात गोंडोलासाठी काढलेलं असतं. नगरपालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. दर नावेचा आहे, माणशी नाही. चार जणांत वाटला तर स्वस्त पडतो, पण मग वाढदिवस कोणाचा हे स्पष्ट राहत नाही. गाणं हवं असेल तर पैसे वेगळे, आणि बहुतेक वेळा जे गाणं ऐकू येतं ते 'ओ सोले मिओ' नेपल्सचं आहे, व्हेनिसचं नव्हे. २०२० साली नावेतल्या प्रवाशांची मर्यादा सहावरून पाचवर आणली, कारण पर्यटकांची वजनं वाढली असं नावाड्यांच्या प्रतिनिधींनीच सांगितलं; तेव्हा त्या गादीवर बसताना पोट आत घेण्यात अर्थ नाही, त्यांनी ते हिशेबात धरलेलं आहे. उसाशांच्या पुलाखालून जाताना सूर्यास्ताला चुंबन घेतलं की प्रेम अमर होतं, अशी एक कथाही तुम्हाला ऐकवतात. १९७९ सालच्या 'अ लिटल रोमान्स' या चित्रपटाचं सगळं कथानक त्या कथेवर उभं आहे. पूल सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला तो राजवाड्यातल्या न्यायालयातून कैद्यांना पलीकडच्या तुरुंगात न्यायला, आणि ते उसासे शिक्षा ऐकलेल्यांचे आहेत. पंचवीस वर्षं झालेल्यांना यात विसंगती वाटणार नाही असा टोमणा इथे कोणीही मारील, म्हणून मी तो टाळतो.

गोंडोलात पैसे घालायचेच असतील तर तिची बांधणी पाहायला घालावेत. नाव साधारण अकरा मीटर लांब, आठ जातींच्या लाकडांचे २८० तुकडे जोडून केलेली, आणि मुद्दाम वाकडी. डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर रुंद असते. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून एकाच वल्ह्याने एकाच बाजूला वल्हवतो. नाव दोन्हीकडे सारखी असती तर ती गोल गोल फिरत राहिली असती. बांधणाऱ्यांनी वल्हवणाऱ्याचा एकांगीपणा सुधारण्याच्या भानगडीत न पडता नावच तेवढी तिरकी केली, आणि ती सरळ जाते. समुपदेशकाच्या खोलीत बसून तासाच्या हिशेबाने पैसे भरण्यापेक्षा हे ९० युरोंचं दर्शन स्वस्त पडतं. ज्यांना तेही जड वाटतं त्यांच्यासाठी त्रागेत्तो आहे. मोठ्या कालव्यावर ठरावीक ठिकाणी या काठावरून त्या काठावर सोडणारी ही तशीच नाव, वल्हवणारे दोघं, भाडं माणशी दोन युरो, प्रवास दोन मिनिटांचा, आणि स्थानिक लोक ती उभ्याने पार करतात. बसायचं की उभं राहायचं यावर नावेत चढताना मतभेद झाला तर तो उतरेपर्यंत मिटवावा लागतो, कारण तेवढाच वेळ मिळतो. काही जोडप्यांना या कालमर्यादेचा फार फायदा होईल.

आता व्यवहारी माणसाचा आक्षेप, आणि तो हलका नाही. भांडायचंच तर डोंबिवलीत फुकट भांडता येतं, त्यासाठी शेंगेनचा व्हिसा कशाला? याचं उत्तर असं की घरी भांडण पेटलं की माणसं पळतात. एक जण गॅलरीत जातो, दुसरी स्वयंपाकघरात भांडी आपटते, आणि विषय अर्धवट राहून पुढच्या महिन्याच्या खात्यावर जमा होतो. व्हेनिसात पळायला जागा नाही. ज्याच्या खिशात खोलीची किल्ली आहे त्याला खोली सापडत नाही आणि जिला रस्ता आठवतोय तिच्याकडे किल्ली नाही. रुसून कुठे तरी बसावं म्हटलं तर बसण्यालाही नियम आहेत. सान मार्कोच्या चौकात जमिनीवर बसून डबा उघडला तर दंड होतो, कबुतरांना दाणे टाकायला तिथे २००८ पासून बंदी आहे, आणि २०१९ साली रिआल्तोच्या पुलाशी पायऱ्यांवर स्टोव्ह पेटवून कॉफी करणाऱ्या दोन जर्मन पर्यटकांना ९५० युरो दंड होऊन शहराबाहेर जायला सांगितलं गेलं. बसायचं तर पैसे मोजून. तीच कॉफी गल्लीतल्या ठेल्यावर उभ्याने प्यायली तर दीडेक युरोत होते. चौकातल्या १७२० सालच्या काफे फ्लोरियानमध्ये बसून प्यायली तर कित्येक पट, आणि वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे माणशी वेगळे. "आयुष्यात एकदा आलोय" हा पक्ष आणि "तेवढ्यात घरी महिन्याची कॉफी येते" हा पक्ष, यांतला वाद कुठल्याही घरी इतक्या शुद्ध स्वरूपात होऊ शकत नाही. माझं मत पहिल्या पक्षाला आहे, पण वाद्यवृंद थांबल्यावर.

एक आक्षेप राहतो तो खुद्द व्हेनिसकरांचा, आणि त्याला विनोदाने उडवून लावणं बरोबर नाही. १९५० च्या सुमाराला जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांखाली गेला. रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत उरलेल्या रहिवाशांचा आकडा दिव्यांवर दाखवतात. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकानं आली. जून २०२५ मध्ये जेफ बेझोस यांचं लग्न तिथे झालं तेव्हा लोक निषेध करत रस्त्यावर उतरले. २५ एप्रिल २०२४ पासून नगरपालिकेने गर्दीच्या दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांवर पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. हा दिवस शहराच्या संत मार्कचा, आणि त्या दिवशी व्हेनिसमधले नवरे बायकोला लाल गुलाबाची कळी देतात. शुल्काचा श्रीगणेशा करायला अधिकाऱ्यांनी नेमका तोच दिवस धरला. २०२५ मध्ये दिवस वाढून ५४ झाले आणि उशिरा नोंदणी करणाऱ्याला दहा युरो. मुक्कामाला राहणाऱ्याला हे शुल्क माफ आहे, पण माफ असल्याचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो कोणी भरायचा होता यावर स्टेशनच्या दारात होणारा वाद पाहण्यासारखा असतो. अशा शहरात मग जावं का? अर्ध्या दिवसासाठी, हृदयाच्या रकान्यापुरतं जाऊ नये, असं मला वाटतं. शहराला जड होतो तो सकाळी येऊन, पुलावर फोटो काढून, संध्याकाळी मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेच्या हॉटेलात झोपायला जाणारा माणूस. बेटावर तीन रात्री राहणारं, कोपऱ्यावरच्या दुकानातून फळं घेणारं, गल्लीतल्या म्हातारीला दोनदा रस्ता विचारून तिसऱ्यांदा तिचं न ऐकणारं भांडकुदळ जोडपं तिला निदान शेजारी वाटेल. आणि नीट भांडायला तेवढे दिवस लागतातच.

जायचं तर नोव्हेंबरात जावं. शुल्क नसतं, गर्दी ओसरलेली असते, धुक्यात पाटी वाचायला अधिक जवळ जावं लागतं, आणि भरतीच्या दिवशी चौकात लाकडी फळ्यांच्या वाटा मांडतात, त्यांवरून रांगेने चालावं लागतं. सामान मात्र विचार करून भरावं. व्हेनिसमधल्या जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, तेवीस किलोच्या बॅगेला चाकं असल्याचा उपयोग पहिल्या पुलापर्यंतच होतो, आणि स्टेशनपासून हॉटेल पाच पुलांवर असलं तर बॅग दहा वेळा उचलावी लागते, पाच वेळा चढताना आणि पाच वेळा उतरताना. तिसऱ्या पुलावर बॅगेत नक्की काय आहे याची चौकशी सुरू होते. चौकशीत चिवड्याचे दोन डबे, बेसनाचे लाडू, केटल, इस्त्री आणि 'असू दे' म्हणून घेतलेली पैठणी बाहेर येते. पैठणीवर वाद घालू नये, ती फ्लोरियानमध्ये नेसायची आहे. इस्त्री कोणी भरली हे मात्र त्याच पुलावर, खालून चाललेल्या गोंडोल्यांतल्या प्रेक्षकांसमोर, स्पष्ट करून घ्यावं.